विश्वासातल्या मित्राची आठवण कशी जपावी: इंदूरच्या मराठी ख्रिस्ती मंडळींसाठी

ख्रिस्ती घरात कुणी गेलं की प्रत्येक नातेवाइकाला काही ना काही काम असतं. मुलगा पाळकांना फोन करतो, भाऊ कब्रस्तानात जाऊन जागा बघतो, वहिनींजवळ बहिणी बसतात. मित्राला असं ठरलेलं काम नसतं. तो दफनविधीला येतो, ओंजळभर माती टाकतो आणि घरी जातो. पण गेलेल्या माणसाच्या विश्वासाबद्दल पुष्कळदा सगळ्यात जास्त ठाऊक असतं ते या मित्रालाच. तो कोणत्या वर्षी प्रार्थनेला कंटाळला होता, कोणत्या वचनाने परत उभा राहिला, मंडळीत कुणाशी अबोला होता आणि तो कसा सुटला, या गोष्टी माणूस बायकोमुलांना सांगतोच असं नाही. त्या बरोबर प्रार्थना करणाऱ्याला सांगतो.

माझा असा एक मित्र होता. गायकवृंदात तो बास गायचा, मी शेजारी टेनर. आराधना हिंदीत व्हायची, पण आमच्या दोघांच्या घरची प्रार्थना मराठीत. इंदुरातल्या बऱ्याच मराठी ख्रिस्ती घरांचं असंच आहे. आजोबा नगर, जालना, नागपूरकडून रेल्वेत, शाळेत किंवा दवाखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. तो गेल्यावर मित्र म्हणून काय काय करता येतं, कोणत्या क्रमाने करावं आणि कुठे थांबावं, हे मला शोधत जावं लागलं. तेच इथे सविस्तर लिहितो आहे. माझं ठाम मत असं झालं आहे की मित्राची दोन कामं आहेत. आपण जे पाहिलं ते खरंखुरं नोंदवून ठेवायचं, आणि त्याने ज्यांची काळजी वाहिली त्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही. बाकीचं सगळं या दोहोंच्या मागून येतं.

आधी घरच्यांना विचारा, मग पाळकांना

पहिल्या आठवड्यात मित्राने काहीही ‘आयोजित’ करू नये. बायबलमधल्या, दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत (ईयोब 2:13). त्यांचं बिघडलं ते नंतर, बोलायला लागल्यावर. म्हणून पहिले दिवस डबा पोचवा, बाहेरगावच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणा, गाद्या-चादरींची सोय बघा, दवाखान्याची बिलं आणि कागदपत्रं एका फाइलमध्ये लावून द्या. मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा प्रती लागतात. त्या काढून आणणारा माणूस घरच्यांना देवदूतासारखा वाटतो.

आठ-दहा दिवसांनी, पाहुणे परतले की, वहिनींना किंवा मोठ्या मुलाला शांतपणे विचारा: ‘आम्ही मित्रमंडळींनी एक स्मरणसभा घ्यावी असं तुम्हाला वाटतं का?’ नाही म्हणाले तर तिथेच थांबा. काही घरांना गर्दी नको असते, काहींना लगेच नको असते. दोन महिन्यांनी तेच आपणहून विचारतात.

घरून होकार आला की पाळकसाहेबांकडे जा. इथे पंथाचा फरक समजून घ्यायला हवा, कारण मित्राचा विश्वास आपलाच असला तरी त्याची मंडळी वेगळी असू शकते. कॅथलिक मंडळीत मृताच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, अर्पण करतात. सातव्या दिवशी, महिन्याने आणि वर्षाने मिस्साच्या वेळी नाव घेतलं जावं म्हणून पॅरिश ऑफिसात आधी जाऊन तारीख आणि नाव नोंदवावं लागतं. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि इतर प्रोटेस्टंट मंडळ्यांत साधारणपणे मृतासाठी प्रार्थना करत नाहीत. त्याच्या आयुष्याबद्दल देवाची उपकारस्तुती करतात आणि मागे राहिलेल्यांसाठी सांत्वन मागतात. तुम्ही सीएनआयचे आणि मित्र कॅथलिक असेल तर त्याच्या मिस्साला जरूर जा, मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात आभार माना. ख्रिस्तप्रसाद घेण्याबाबत मात्र त्यांच्या मंडळीचा नियम पाळा. मित्राच्या मंडळीत आपल्या पद्धतीचा आग्रह धरणं म्हणजे त्याच्या घरात जाऊन भांडी हलवणं.

आठवणी गोळा करा, आणि लवकर करा

हे काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो.

माणूस गेल्यावर पहिले काही आठवडे लोक भरभरून बोलतात. नंतर आठवणी गुळगुळीत होतात: ‘फार चांगला माणूस होता, देवभीरू होता.’ हे वाक्य कुणाबद्दलही म्हणता येतं. त्यामुळे महिन्याच्या आत एक वही करा आणि माणसांकडे स्वतः जा. फोनवरून फारसं हाती लागत नाही. समोर बसलं, चहा झाला, की माणूस बोलता होतो. परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि घरी येऊन त्याच रात्री उतरवून काढा.

काय विचारायचं? ‘त्यांच्याबद्दल काही सांगा’ असं विचारलं की साचेबंद उत्तर येतं. नेमकं विचारा. तुम्ही त्याला पहिल्यांदा कुठे पाहिलंत? त्याने तुमच्यासाठी केलेली एखादी गोष्ट, जी दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही? तो कशावरून रागवायचा? प्रार्थना करताना कोणते शब्द त्याच्या तोंडी हमखास यायचे? कुठलं गीत तो चुकीच्या चालीत गायचा? या शेवटच्या प्रश्नाला मला सगळ्यात जास्त उत्तरं मिळाली.

कुणाकुणाकडे जायचं याची यादी करताना मंडळीच्या बाहेर बघा. त्याच्या ऑफिसातले लोक, शेजारचे हिंदू-मुस्लिम कुटुंब, ज्याच्याकडे तो रविवारी आराधनेनंतर पोहे-जिलबी खायचा तो दुकानदार. माझा मित्र रविवारी दुपारी एमवाय हॉस्पिटलच्या वॉर्डांत जायचा, गावाकडून आलेल्या ज्या पेशंटजवळ कुणी नातेवाईक नसेल त्याच्याजवळ बसायचा, औषधाच्या खिडकीवर रांग लावून द्यायचा. मंडळीत हे फारच थोड्यांना माहीत होतं. मला ते वॉर्डातल्या एका आयाबाईंनी सांगितलं.

प्रेषितांच्या कृत्यांत, नवव्या अध्यायात, यापोच्या दुर्कसची गोष्ट आहे. ती वारली तेव्हा विधवा पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं त्याला दाखवू लागल्या. तिच्या स्वभावाचं वर्णन त्या करत बसल्या नाहीत, कपडे पुढे केले. आठवणी गोळा करताना हे डोळ्यांसमोर ठेवा. वस्तू मागा, प्रसंग मागा, तारखा मागा.

तारखांसाठी मंडळीच्या नोंदवह्या फार उपयोगी पडतात. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न यांच्या नोंदी असतात. जुन्या पिढीच्या नोंदी शोधताना एक लक्षात ठेवा: चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झाली. त्याआधीच्या वह्यांवर जुन्या मंडळीचं नाव असणार. इंदुरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम 1877 मध्ये सुरू झालं आणि क्रिश्चन कॉलेज 1887 मध्ये. तेव्हा मित्राचे आजी-आजोबा मिशनच्या शाळेत किंवा दवाखान्यात असतील तर त्यांची नावं तिथल्या कागदांत सापडण्याचा संभव आहे. बाप्तिस्मा महाराष्ट्रात झाला असेल तर तिथल्या मंडळीच्या सेक्रेटरींना पत्र लिहा. वडिलांचं पूर्ण नाव आणि अंदाजे साल द्या.

त्याचं बायबल, त्याची वही, त्याचा फोन

वर्षानुवर्षं वापरलेल्या बायबलमध्ये माणसाचा अर्धा इतिहास असतो. माझा मित्र समासात पेन्सिलीने तारीख आणि एखादं अक्षर लिहायचा. स्तोत्र 121 शेजारी मुलीच्या ऑपरेशनची तारीख होती. ही पानं घरच्यांच्या परवानगीने, घरच्यांच्या समोर बसून बघा. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, पान सपाट ठेवून फोटो काढा. फ्लॅश नको, पेन्सिलीची अक्षरं चमकून पुसट होतात. बायबल घरातच राहू द्या. वहिनींनी आग्रहाने दिलं तरी, मुलांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

प्रार्थनेच्या वहीबाबत मी फार काटेकोर आहे. त्या वहीत दुसऱ्यांची दुःखं असतात. कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाचं कर्ज, कुणाच्या मुलीचं मोडलेलं लग्न. विश्वासाने सांगितलेल्या या गोष्टी त्याच्या मृत्यूने उघड्या होत नाहीत. घरच्यांना सांगा की ही वही कुणाला वाचायला देऊ नये, आणि तुमच्या हाती आलीच तर त्यातलं काहीही सभेत किंवा लेखात वापरू नका. ज्यांची नावं त्यात आहेत त्यांच्यासाठी प्रार्थना चालू ठेवणं, एवढाच त्या वहीचा उपयोग.

फोनकडे मात्र लगेच लक्ष द्या. 120 दिवस न वापरलेलं व्हॉट्सॲप खातं साधारणपणे काढून टाकलं जातं, आणि रिचार्ज नसेल तर सिमही काही महिन्यांनी बंद होतं. घरच्यांना सांगा की नंबर निदान वर्षभर चालू ठेवा, कारण बँकेचे ओटीपीही त्यावरच येतात. तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये त्याचे व्हॉइस मेसेज असतील तर ती चॅट मीडियासह एक्स्पोर्ट करून कॉम्प्युटरवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवा. एक प्रत मुलांना द्या. फेसबुकचं पान ठेवायचं, स्मृतिपृष्ठ करून घ्यायचं की काढायचं, हे पूर्णपणे घरच्यांनी ठरवायचं.

पाच मिनिटांचं बोलणं

स्मरणसभेत मित्राला बोलायला सांगतात. आधी लिहून काढा. शांतपणे बोललं तर मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांसाठी पाचशे शब्द. हस्ताक्षर मोठं, ओळींत अंतर, पानाच्या एकाच बाजूला. मोठ्याने दोनदा वाचून बघा. आवाज कुठे भरून येतो ते कळतं, आणि त्या जागी एक घोट पाणी पिण्याची खूण करून ठेवता येते. दुसरी एक प्रत कुणाजवळ तरी द्या. तुम्हाला पुढे वाचता आलं नाही तर ती व्यक्ती उठून पूर्ण करील.

काय बोलावं याचा उत्तम नमुना शास्त्रातच आहे: आपला मित्र योनाथान लढाईत पडल्यावर दाविदाने केलेला विलाप, 2 शमुवेल, पहिला अध्याय. त्यात गिलबोवाचा डोंगर आहे, गथ आणि अष्कलोन ही गावं आहेत, ढाल आहे, धनुष्य आहे. सगळं नावानिशी. ज्या शौल राजाने, योनाथानाच्या बापाने, दाविदाचा जीव घेण्यासाठी रानोमाळ पाठलाग केला त्याच्याबद्दलही त्यात एक कडवट शब्द नाही. आणि योनाथानाचं नाव घेऊन, मी तुझ्यासाठी व्याकूळ झालो आहे, असं तो सगळ्यांसमोर म्हणतो. आपल्याकडे पुरुष मित्राविषयी असं मोकळेपणी बोलत नाहीत. बोलावं.

तेव्हा दोनच प्रसंग निवडा आणि ते नीट सांगा. कुठे, कधी, तो नेमकं काय म्हणाला. गुणांची यादी टाळा. त्याच्या पदांची यादी पाळकसाहेब किंवा सूत्रसंचालक वाचतीलच.

त्याच्या शंकेच्या, थकव्याच्या काळाबद्दल बोलावं का? माझा मित्र मुलीच्या आजारपणात बरेच महिने गायकवृंदात यायचा, पण गीताला उभा राहायचा नाही. बसून ऐकायचा. मला वाटतं हे सांगितलं पाहिजे, कारण सभेत बसलेल्या कुणाची तरी आज तीच अवस्था असते. पण आधी वहिनींना वाचून दाखवा. त्यांनी होकार दिला तरच सांगा, आणि तो पुन्हा कसा उभा राहिला हे तुम्हाला ठाऊक असेल तेवढंच सांगा. ठाऊक नसलेला शेवट जोडू नका.

काही वाक्यं मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.’ ‘रडू नका, विश्वासणाऱ्याने रडायचं नसतं.’ ‘यात देवाची योजना आहे.’ देवाने हे का केलं याचं उत्तर आपल्याकडे नाही. लाजराच्या कबरेकडे जाताना येशू स्वतः रडला. पौलही थेस्सलनीकाच्या मंडळीला शोक करू नका असं म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका असं म्हणतो (1 थेस्सलनीकाकर 4:13). शोकाला जागा द्या, मग पुनरुत्थानाच्या आशेचं बोला. क्रम उलटा झाला की विधवेला आपल्या अश्रूंची लाज वाटू लागते, आणि हे मी पाहिलेलं आहे.

स्मरणसभा: भाषा, गीतं, हार

सभा सव्वा तासाची पुरे. शनिवार संध्याकाळ सोयीची, कारण पुणे-नगरकडची माणसं रात्रभराचा प्रवास करून सकाळी पोचतात आणि रविवारी परत निघतात. क्रम साधा ठेवा. आरंभीची प्रार्थना, एक गीत, शास्त्रवाचन, आयुष्याची थोडक्यात माहिती, घरच्यांपैकी एक आणि मित्रांपैकी दोघं-तिघं, मध्ये आणखी एक गीत, पाळकसाहेबांचा छोटा संदेश, घरच्यांसाठी प्रार्थना, आशीर्वाद. बोलणाऱ्यांची नावं आधी ठरवा आणि वेळही सांगून ठेवा. ‘आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का’ असं विचारलं की सभा तीन तास चालते आणि घरचे गळून जातात. ज्यांना बोलायचं आहे पण वेळ नाही, त्यांच्यासाठी दारात एक वही आणि पेन ठेवा. ती वही नंतर घरच्यांना द्या.

शास्त्रवाचनासाठी स्तोत्र 23 आणि योहान 14 सगळे घेतात, आणि घ्यावेतही. याखेरीज स्तोत्र 90, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचा शेवट, 1 करिंथकर 15 यांचा विचार करा. पण त्याच्या बायबलमध्ये खूण केलेला उतारा असेल तर तोच सर्वांत आधी.

भाषेचा प्रश्न इंदुरात हमखास येतो. मंडळी हिंदी, घरचे मराठी, केरळचे किंवा इंग्रजी आराधनेचे काही मित्र, शेजारी माळवी बोलणारे. सभा हिंदीत चालवा पण एक वाचन आणि एक गीत मराठीत ठेवा, आणि ते अशा माणसाकडून वाचून घ्या ज्याचं मराठी स्वच्छ आहे. मराठी गीत ‘उपासना संगीता’तून घेतलं तर नुसता क्रमांक सांगून चालत नाही, इथे ते पुस्तक थोड्यांकडेच असतं. शब्द पत्रकावर छापा, खाली हिंदीत दोन ओळींचा अर्थ. ऑर्गनवाल्याला किंवा कीबोर्डवाल्याला चाल आठवडाभर आधी गाऊन पाठवा.

पत्रक छापताना एक धोका आहे. इंदुरातले बहुतेक टायपिंगवाले हिंदीचे. ते ळ चा ल करतात, आणि ‘ऱ्या’ लिहायचं सोडून ‘र्या’ टाकतात. मंडळीची ‘मंडली’ होते, साळव्यांचे ‘सालवे’ होतात. छापण्यापूर्वी दोन मराठी माणसांनी प्रूफ वाचलंच पाहिजे.

हिंदू मित्र आणि शेजारी येणार, यावेत. ते आधी विचारतील, ‘तेरावा कधी?’ त्यांना सरळ तारीख-वेळ सांगा, चपला काढायच्या की नाही, गीताच्या वेळी उभं राहायचं, एवढं प्रेमाने समजावा. ते हार आणतील. काही मंडळ्यांत फोटोला हार चालतो, काहींत चालत नाही. पाळकसाहेबांना आधीच विचारा. चालत नसेल तर फोटोपासून थोडं दूर एक टेबल पांढरी चादर टाकून ठेवा आणि हार-फुलं तिथे घ्यायला एक समंजस माणूस उभा करा. हात जोडून आलेल्या माणसाला दारातच ‘आमच्यात चालत नाही’ असं ऐकवणं मला असह्य वाटतं. फुलं दुसऱ्या दिवशी कबरीवर न्या. सभेनंतर चहा आणि काहीतरी साधं खाणं असावं. आलेली माणसं तिथे उभ्या उभ्या ज्या आठवणी सांगतात त्या सभेतल्यापेक्षा खऱ्या असतात, म्हणून वही खिशात असू द्या.

कबरीचा दगड

दगडाची घाई करू नका. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ताज्या कबरीवर बसवलेला ग्रॅनाइट पहिल्याच पावसात कलतो. एक पावसाळा जाऊ द्या, दिवाळीनंतर माती बसली की काम काढा आणि दगडाखाली पक्का पाया घालून घ्या. तोपर्यंत लाकडी क्रूस आणि नावाची पाटी पुरते. लाकडाला खालच्या बाजूने डांबर किंवा ऑइल पेंट लावा, वाळवीसाठी.

आधी कब्रस्तान समितीकडे जाऊन परवानगी, दगडाचं माप आणि शुल्क विचारा. जागा कमी असल्यामुळे काही ठिकाणी कुटुंबाची जुनी कबर पुन्हा उघडली जाते. तसं असेल तर नवा दगड लागत नाही, जुन्यावर नाव कोरून घ्यायचं. खर्च मित्रांनी उचलायचा असेल तर घरच्यांना तो एकत्रित, बिनबोभाट द्या. दगडावर देणाऱ्यांची नावं नसावीत.

मजकूर थोडा ठेवा: पूर्ण नाव, जन्म आणि मृत्यूची तारीख, एक वचन. लांब वचनाची अक्षरं बारीक करावी लागतात आणि पाच वर्षांत वाचता येत नाहीत. अशा वेळी फक्त संदर्भ कोरा. कारागिराकडून मूळ मापाचा कागदी नमुना घ्या, तो घरी नेऊन वहिनींना, मुलांना दाखवा, ळ आणि ऱ्य पुन्हा तपासा, आणि प्रत्येक पानावर सही करून मगच कोरायला द्या. दगडावरची चूक खोडता येत नाही.

पहिलं वर्ष

सभेनंतर लोक आपापल्या कामाला लागतात. घराला खरी गरज तिथून पुढे असते. कॅलेंडरवर आताच खुणा करा: त्याचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, 2 नोव्हेंबरचा ऑल सोल्स डे (मृतांच्या स्मरणाचा दिवस), नाताळ, गुड फ्रायडे आणि ईस्टर, आणि वर्षाचा दिवस.

पहिला नाताळ सगळ्यात अवघड. कॅरोलची मंडळी घरी येऊ दे का, हे आधी फोन करून विचारा. ‘या, पण हळू आवाजात एकच गीत गा’ असं उत्तर मिळू शकतं, आणि मग तेवढंच करायचं. त्या वर्षी वहिनींच्या हातून करंज्या-अनारसे होणार नाहीत हे धरून चाला. दोन-तीन घरांनी थोडा थोडा फराळ नेऊन द्यावा. जेवायला बोलवा, पण नाही म्हणाल्या तर डबा पाठवा आणि मनाला लावून घेऊ नका.

2 नोव्हेंबरच्या आधी एखाद्या रविवारी कब्रस्तानात जाऊन गवत काढा. पावसाळ्यानंतर ते कमरेएवढं वाढलेलं असतं, आणि वयस्कर माणसांना त्यातून चालणं धोक्याचं असतं. खुरपं, झाडू, पाण्याची बादली, हातमोजे. मुलांना बरोबर न्या. ज्या मंडळ्यांत ईस्टरच्या पहाटे कब्रस्तानात उपासना होते तिथे घरच्यांना घेऊन जा. ‘तो येथे नाही, उठला आहे’ हे शब्द आपल्या माणसाच्या कबरीशेजारी उभं राहून ऐकणं वेगळं असतं.

वर्षाच्या दिवशी आता मोठी सभा नको. घरगुती प्रार्थना, एक गीत, जेवण. वहीतल्या आठवणी नीट लिहून काढल्या असतील तर त्याच दिवशी त्यांची बांधलेली प्रत घरच्यांना द्या. विश्वासाच्या दृष्टीने महत्त्वाचा असा एखादा भाग असेल तर घरच्यांच्या परवानगीने ‘ज्ञानोदय’सारख्या ख्रिस्ती मासिकाला किंवा मंडळीच्या पत्रकाला पाठवा. 1842 पासून चालत आलेल्या त्या मासिकाने मराठी ख्रिस्ती माणसांचं कितीतरी जीवन नोंदवून ठेवलं आहे. इंदूरच्या माणसाची नोंद तिथे का असू नये?

त्याची कामं आणि त्याचं घर

गेलेल्या माणसाचं स्मरण त्याच्या कामातून जपायचं असतं, हे इंदूरच्या कॅथलिक मंडळीला चांगलं ठाऊक आहे. सिस्टर राणी मारिया यांचा 25 फेब्रुवारी 1995 रोजी उदयनगरच्या वाटेवर खून झाला. सावकारीत अडकलेल्या गरीब शेतमजुरांना त्या हक्क समजावून सांगत होत्या. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरात त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. ज्या गोरगरिबांत त्या राहिल्या त्यांच्यातलं काम हाच त्यांच्या स्मरणाचा गाभा आहे, आणि त्यांच्या कुटुंबाने मारेकऱ्याला केलेली क्षमाही.

आपला मित्र साधा माणूस. तरी त्याने काही कामं धरलेली असतातच. त्यांची यादी करा आणि वाटून घ्या. संडे स्कूलचा वर्ग, रुग्णभेट, एखाद्या मुलाची फी, म्हाताऱ्या बाईंना आराधनेला आणणं. एका माणसाने सगळं घेऊ नये. तीन महिन्यांत दमतो आणि सगळंच सुटतं. जे कुणालाच जमणार नाही ते पाळकसाहेबांना स्पष्ट सांगा, म्हणजे त्या मुलांना, त्या पेशंटांना दुसरी सोय बघता येईल.

त्याच्या नावाने निधी काढायची टूम लवकर निघते. रक्कम लहान असेल तर वेगळा ट्रस्ट करू नका. नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, विश्वस्तांच्या बैठका हे सगळं पुढे कुणाला तरी ओझं होतं. मंडळीच्या खात्यातच वेगळ्या शीर्षाखाली पैसे ठेवा, प्रत्येकाला पावती द्या, आणि वर्षाकाठी किती आले, कशावर गेले हे मंडळीत वाचून दाखवा. संडे स्कूलच्या मुलांना बायबल देणं किंवा एका विद्यार्थ्याची पुस्तकं घेणं, असा एकच ठरलेला हेतू असू द्या.

आणि घर. योनाथान गेल्यावर बरीच वर्षं लोटली, दावीद राजा झाला, तेव्हा त्याने विचारलं की शौलाच्या घराण्यात कुणी उरलं आहे का, म्हणजे मी योनाथानासाठी त्याच्यावर दया करीन. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ दोन्ही पायांनी लंगडा होता. दाविदाने त्याला आजोबांची जमीन परत दिली आणि रोज आपल्या पंक्तीला जेवायला बसवलं (2 शमुवेल 9). जमीन आणि जेवण. आपणही तसंच ठोस विचारावं. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं की कुणीच काही सांगत नाही. त्यापेक्षा असं विचारा: पेन्शनचा फॉर्म भरून झाला का? घरपट्टी कुणाच्या नावावर आहे? गाडीचा विमा कधी संपतो? धाकट्याच्या प्रवेशासाठी मी बरोबर येऊ का? वहिनी रविवारी आराधनेला कशा येतात?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘येत नाही, एकटीने यायला जीव होत नाही’ असं आलं तर गाडी घेऊन जा, पण तुमची पत्नी किंवा मुलगी बरोबर असू द्या. आदल्या संध्याकाळी फोन करून वेळ ठरवा. चर्चमध्ये त्यांना नेहमीच्या बाकावर बसायचं आहे की दुसरीकडे, ते विचारा, आणि त्या म्हणतील तिथे तुम्हीही शेजारी बसा. महिन्यातून एखाद्या रविवारी तुम्हाला जमणार नसेल तर त्या दिवशी कोण नेणार हे शनिवारीच ठरलेलं असलं पाहिजे.